दधिव्रतातलं विरजण

आमच्या प्रयोगशाळेत दह्याचा आंबटपणा मोजायला दोन साधनं होती. एक जर्मनीहून आलेलं यंत्र आणि दुसरी तिरुमलरावांची जीभ. यंत्र वर्षातले तीन महिने दुरुस्तीला पडलेलं असायचं. जीभ मात्र रोज सकाळी साडेनऊला हजर. चमच्याच्या टोकावर दह्याचा ठिपका घ्यायचा, डोळे मिटायचे, "चार पॉइंट चार. स्वल्प जास्तच," असं म्हणायचं आणि चूळ भरायला निघून जायचं. यंत्र चालू असलं की मी मुद्दाम पडताळून बघायचे. दोघांत फरक पडला तर यंत्र दुरुस्तीला पाठवायचं, असा आमच्याकडे अलिखित नियमच होता.

मला निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली. म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या आमच्या घरात सकाळी दह्याच्या भांड्यावरचं झाकण काढलं की त्यांची आठवण येते. नुसती आठवण असती तर लिहायला बसले नसते. आठवणींवर लिहिणाऱ्या निवृत्त लोकांचा मला तसाही वैताग आहे. पण एक गोष्ट छत्तीस वर्षं सांगायची राहिली आहे आणि ती तिरुमलरावांबद्दल जितकी आहे तितकीच माझ्याबद्दल आहे.

त्यांना सगळे 'रायरु' म्हणत. म्हैसुरात कुठल्याही रावांना हाक मारायची ती रीतच आहे. मठातले रायरु, म्हणजे स्वामी, वृंदावनात समाधी घेतलेले आणि आमचे रायरु इन्क्युबेटरजवळ, असं कॅन्टीनमध्ये म्हटलं जायचं, आणि ते ऐकून ते दोन्ही कानांना हात लावायचे. उंच, किडकिडीत, पांढरं पंचे म्हणजे धोतर, त्यावर अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि शर्टावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट. कपाळावर अंगार-अक्षता, म्हणजे कोळशाची काळी रेघ आणि खाली ठिपका. एकदा दिल्लीहून आलेल्या साहेबांनी पंचे-कोटाकडे बघून भुवया उंचावल्या होत्या. रायरुंनी त्यांच्यासमोर स्पिरिटच्या दिव्यावर तार लाल केली, थंड होऊ दिली, नळीचं तोंड ज्योतीतून फिरवलं, थेंब उचलला, दुसऱ्या नळीत सोडला, आणि या सगळ्यात हात केसाएवढाही हलला नाही. साहेबांच्या भुवया आपोआप खाली आल्या.

मूळचे ते टी. नरसीपूरचे. वडिलांकडे पूजा, घरात चार गायी. एकोणसाठ साली ते म्हैसुरात काचसामान धुवायच्या नोकरीवर आले आणि हळूहळू वर चढत दही विभागाचे साहाय्यक झाले. आमच्याकडे दही लावणाऱ्या जिवाणूंचे जे वाण होते ते जिवंत ठेवणं हे त्यांचं काम. वाण म्हणजे काय, तर काचेच्या नळीत, निर्जंतुक केलेल्या दुधात लावलेलं विरजण. रोज संध्याकाळी कालच्या नळीतला एक थेंब ताज्या दुधाच्या नळीत घालायचा. याला आम्ही 'बदल' म्हणायचो. बदल चुकला की जिवाणू आपणच केलेल्या आंबटपणात बसून राहतात आणि हळूहळू मरतात, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. रायरुंनी पुस्तकाला स्वतःचा एक नियम जोडला होता. चव घेतल्याशिवाय बदल करायचा नाही. ज्या नळीची चव कुणी घेतली नाही ती पुढे सरकवायची नाही, मग कोणीही सांगो.

जिवाणूंना ते 'मंडळी' म्हणत. "आज मंडळी रुसलीयत, अम्मा. दूध बदललं वाटतं." मला हसू यायचं. मी सत्तावीस वर्षांची होते, पीएच.डी. करत होते आणि मला सगळं कळत होतं.

खरं तर आम्ही दोघंही एकाच गल्लीची माणसं. माझे वडील गंगाधरराव चामराजपुरमला शिक्षक होते, तिथेच आमचं घर, आणि रायरुंचं चार घरं सोडून पुढे. घरी दोन्हीकडे तीच मराठी, अर्धी कन्नड मिसळलेली. पण प्रयोगशाळेत ते मला कधी 'गंगाधररावांची लेक' म्हणून वागवत नसत. 'वरलक्ष्मीअम्मा' म्हणत, आणि मी वयाने लहान, प्रयोगशाळेत मागून आलेली असूनही दार माझ्यासाठी धरत.

माझं काम या मंडळींची पूड करण्याचं होतं. खेड्यातल्या डेअऱ्यांकडे तेव्हा फ्रिज नव्हते. विरजण पोचेपर्यंत मरून जायचं. ते गोठवून, निर्वात यंत्रात सुकवून, पुडीत घालून पाठवायचं आणि तिथे दुधात टाकलं की उठलं पाहिजे. म्हणायला सोपं. गोठताना आणि सुकताना त्या बिचाऱ्यांचे इतके हाल होतात की शंभरांतले पाच-सहाच पुन्हा जागे व्हायचे. दोन वर्षं मी साखर घालून पाहिली, मीठ घालून पाहिलं, ताक घालून पाहिलं. पाचाचे आठ झाले की मी मिठाई वाटायचे.

आणि मग सत्त्याऐंशी सालच्या ऑगस्टअखेरीस, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सुकवलेल्या एका घाण्यात शंभरातले एकसष्ट उठले.

मी तीनदा मोजले. एकसष्ट. मग त्यांच्यातली एन्झाइमं तपासली, कारण माझा प्रबंध त्यावरच होता. या जिवाणूंच्या पोटात दोन तऱ्हेची कामकरी एन्झाइमं असतात असं समजा. एक दुधातली साखर खाऊन आंबट करणारी. दुसरी दाराशी बसून, आत शिरणारा आंबटपणा बाहेर लोटणारी. त्या घाण्यात पहिल्यांचं काम मंदावलेलं होतं आणि दाराशी बसणारी दुपटीहून जास्त झाली होती. म्हणजे येणाऱ्या संकटाची मंडळींनी आधीच तयारी केली होती. का केली, कोणी करायला लावली, ते मला माहीत नव्हतं. मला माहीत करून घ्यायची घाईही नव्हती. माझे मार्गदर्शक डॉ. नरसिंहमूर्ती फार कडक माणूस. पण त्यांनीसुद्धा त्या दिवशी माझ्या टेबलापाशी उभं राहून कॉफी घेतली. महिन्याभरात परिषदेला निबंधाचा गोषवारा गेला, त्यावर माझं नाव पहिलं.

ऑक्टोबरात मी तोच प्रयोग पुन्हा केला. सहा उठले. नोव्हेंबरात दोनदा केला. पाच आणि सात. डिसेंबरात दूध बदललं, यंत्र बदललं, पाणी बदललं. सहा.

नरसिंहमूर्ती आधी काही बोलले नाहीत, मग फार बोलले. "वरलक्ष्मी, एकसष्ट कुठून आले?" हे त्यांनी मला पहिल्यांदा केबिनमध्ये विचारलं, दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी पाच जणांच्या समितीसमोर मला काम मांडायचं होतं. तोवर आकडा पुन्हा आला नाही तर गोषवारा मागे घ्यायचा. आणि आकडा मागे घेणाऱ्या मुलीबद्दल लोक काय म्हणतात हे कोणी मला सांगायची गरज नव्हती. आकडा तिने बनवला, असंच म्हणतात. मग कुठलीही प्रयोगशाळा तिला दारात उभी करत नाही. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. एकसष्ट मी खरंच मोजले होते ना, अशी मला स्वतःचीच शंका यायला लागली होती.

मी नोंदवही शंभरदा चाळली. ऑगस्टच्या प्रत्येक दिवसासमोर रायरुंचं मोत्यासारखं अक्षर होतं. "दैनिक बदल केला. चव बरोबर." एकतीस दिवस, एकतीस ओळी. मी त्यांनाही विचारलं, "रायरे, त्या महिन्यात काही वेगळं केलं होतं का?"

"नाही, अम्मा," ते म्हणाले आणि नळ्या पुसत राहिले. त्या नळ्या आधीच पुसलेल्या होत्या. काम करताना ते नेहमी देवाचं एखादं पद गुणगुणत, ते तेव्हापासून बंद झालं. माझ्या काळजीने बिचारे गप्प झाले असतील, असं मला वाटलं. हुशार माणसाला कधी कधी काय काय वाटतं!

संक्रांत आली. म्हैसुरात या दिवशी मुली नवे कपडे घालून घरोघरी एळ्ळु-बेल्ल वाटायला जातात. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे आणि साखरेच्या बाहुल्या. सत्तावीस वर्षांच्या घोडीने जायचं म्हणजे लाजच, पण आईने ताट हातात देऊन बाहेर काढलं. "सारखी आकडे घोकत बसू नको, जा." चार घरं करून मी रायरुंकडे पोचले.

त्यांची बायको अंबुजाबाई म्हणजे गोल, हसरी, बोलायला लागली की गाडी स्टेशनात थांबायची नाही. मला बसवलं आणि केळीच्या पानावर दहीभात वाढला. दही असं की मी बोटं चाटली.

"सासूबाईंचं विरजण आहे हे," त्या म्हणाल्या. "नरसीपूरहून लग्नात माझ्याबरोबर आलं. चौतीस वर्षं झाली. मुलीबरोबर द्यावं म्हणते, पण तिच्याकडे सगळं पाकिटाचं."

"चौतीस वर्षं? मग चातुर्मासात काय करता?"

हे विचारायचं कारण होतं. आमच्यासारख्या घरांत चातुर्मासाच्या चार महिन्यांना चार व्रतं. पहिल्या महिन्यात भाजी नाही, दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही, चौथ्यात डाळी नाहीत. दुसरं ते दधिव्रत. श्रावणातल्या एकादशीपासून भाद्रपदातल्या एकादशीपर्यंत घरात दही लावायचंच नाही. आमच्या आईचं विरजण दर वर्षी मरायचं आणि मग ती शेजारणीकडून आणायची.

"कपड्यात ठेवते," अंबुजाबाई म्हणाल्या आणि फडताळातून एक डबी आणली. डबीत पांढऱ्या धोतराचा बोटाएवढा तुकडा, वाळून कडक झालेला. "दह्यात बुडवायचा, सावलीत वाळवायचा. एकादशीला कोमट दुधात सोडला की दुसऱ्या दिवशी दही."

"इतकं सोपं?"

"सोपं कसलं! ताजं दही वाळवलं की मेलंच ते. सासूबाईंनी मला तीन वर्षं शिव्या घातल्या त्याच्यासाठी. आधी आठ दिवस न ढवळता, माठाच्या बुडाशी गारव्याला ठेवायचं. चांगलं आंबू द्यायचं. त्याला कळायला पाहिजे की आता आपल्याला कोणी खायला घालणार नाही. मग वाळवायचं."

माझा घास हातातच राहिला. आठ दिवस. गारवा. आंबट. दाराशी बसणारी एन्झाइमं एका दिवसात दुप्पट होत नाहीत, त्यांना आधी त्रास व्हावा लागतो, पण मरणाएवढा नाही, हळूहळू. ताजी, पोटभर जेवलेली मंडळी गोठवली की ती बेसावध सापडतात. आंबून, गारठून, उपाशी राहून सावध झालेली तग धरतात. माझी सगळी पुस्तकं मी चुकीच्या बाजूने वाचली होती. आणि तो घाणा गणपतीच्या दुसऱ्या दिवशीचा. म्हणजे भाद्रपद. म्हणजे दधिव्रत.

मी मान वळवली. रायरु दारातल्या खांबाला टेकून खाली बघत बसले होते.

"रायरे," मी म्हणाले, "ऑगस्टमध्ये चव कोणी घेतली?"

 अंबुजाबाईंचं हसू पण थांबलं.

"दर वर्षी तो महिना येसाजीराव चव घ्यायचे," रायरु म्हणाले. येसाजीराव हे त्यांच्या विभागातले जुने साथीदार, ज्यांच्या घरी हे व्रत नव्हतं. गेल्या मार्चमध्ये ते निवृत्त झाले होते. "या खेपेला ते नोकरीत नव्हते. मी दही तोंडात घालणार कसं? चव घेतल्याशिवाय बदल करत नाही मी, तुम्हाला माहीत आहे. आठवड्यातून एकदा येसाजीराव गप्पा मारायला यायचे. त्यांना चाखायला लावायचं आणि त्या दिवशी बदल करायचा. बाकी दिवस सुम्ने, नुसतं, फ्रिजात ठेवून दिलो. घरी ही ठेवते तसं. मंडळी मरणार नाहीत, माहीत होतं."

"आणि वही?"

"वहीत रोज केलो म्हणून लिहिलो. खोटं लिहिलो, अम्मा."

मला रागाने काही दिसेना. चार महिने हा माणूस माझ्यासमोर नळ्या पुसत होता. "मला का नाही सांगितलंत? मी घेतली असती की चव! एवढीशी गोष्ट!"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही गंगाधररावांची लेक. तुमच्या घरी व्रत किती कडक, सगळ्या गल्लीला माहीत. आपलं व्रत मोडलं तर आपलं पाप. दुसऱ्याच्या लेकीला व्रतात दही चाख म्हणून सांगू? ते कुठं फेडणार मी?"

"रायरे," मी म्हणाले, "त्या महिन्यात मी रोज कॅन्टीनमध्ये मोसरन्न, हाच दहीभात, खात होते. दोन-दोन वाट्या. घरी दही नव्हतं म्हणून."

अंबुजाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या इतक्या हसल्या की साखरेची बाहुली त्यांच्या हातातून पडून फुटली. रायरु हसले नाहीत. "अय्यो," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "मग सांगायचं नाही का?"

तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्याच दिवशी मी नळ्या फ्रिजात ठेवल्या. आठ दिवस बदल नाही. नवव्या दिवशी गोठवल्या, सुकवल्या, मोजल्या. अठ्ठावन्न. सोबतच ठेवलेल्या दुसऱ्या वाणावर, त्रेपन्न. मी प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यावर बसून रडले.

पण नवा आकडा आला म्हणून जुना सुटत नव्हता. समिती वही बघणार. वहीत रोजचा बदल. मग ऑगस्टची मंडळी आंबट, गार, उपाशी होती हे कशावरून? गुरुवारी सायकल स्टँडपाशी मी रायरुंना गाठलं. त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि खोट्या नोंदीला सरकारी नोकरीत काय शिक्षा असते ते दोघांनाही माहीत होतं.

"मी सांगते, माझ्या तोंडी सूचनेवरून केलं आणि नोंद करायची राहिली," मी म्हणाले. "माझी चूक म्हणते. मला ओरडतील आणि सोडतील."

"बेड, अम्मा, नको." त्यांनी मान हलवली. "नासलेल्या दुधात कितीही चांगलं विरजण घातलं तरी दही होत नाही."

शुक्रवारी मी फळ्यापाशी उभी होते. अपेक्षेप्रमाणे ऑगस्टचा प्रश्न आला. मी तोंड उघडलं आणि दार वाजलं. रायरु आत आले, पंचे, कोट, अंगार-अक्षता. हातात धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी फडकं सोडलं आणि नरसिंहमूर्तींसमोर मठाचं पंचांग ठेवलं.

कन्नडमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. आवाज हलत होता, हात नव्हता. मग पंचांगाचं एक पान उघडलं. तिथीच्या बाजूला, समासात, बारीक अक्षरात रोजची एक ओळ. अक्षरं कन्नड, भाषा मराठी, आमच्या जुन्या घरांत लिहितात तशी. नरसिंहमूर्तींना वाचता येत होतं पण अर्थ लागत नव्हता. "वरलक्ष्मी, हे काय आहे, सांग," ते म्हणाले.

म्हणजे रायरुंचा कबुलीजबाब मलाच भाषांतर करून वाचावा लागला. "आज चव नाही. बदल नाही." "आज चव नाही. बदल नाही." "येसाजी आले. चव बरोबर. बदल केला." "आज चव नाही." महिनाभर असंच. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं, "सात दिवसांच्या नळ्या वरलक्ष्मीअम्मांनी सुकवायला नेल्या. सांगायचं धाडस झालं नाही."

"वहीत खोटं आणि इथं खरं? असं का?" समितीतल्या एकाने विचारलं.

"वही सरकारची आहे," रायरु म्हणाले. "पंचांगात खोटं लिहिता येत नाही, सार."

 नरसिंहमूर्तींनी चष्मा काढून पुसला. माझं काम त्या दिवशी मान्य झालं. माझं नाव वाचलं. रायरुंना लेखी ताकीद मिळाली आणि नळ्यांपासून हलवून काचसामान धुवायच्या खोलीत पाठवलं गेलं. एकोणतीस वर्षांपूर्वी जिथून सुरुवात केली तिथेच त्यांचे शेवटचे अकरा महिने गेले. मी बोलायला हवं होतं. समितीसमोर तोंड उघडून म्हणायला हवं होतं की या माणसामुळे तुमच्या संस्थेला ही पद्धत मिळाली. मी फळ्यापाशी उभी राहिले आणि मनात म्हटलं, सुटले.

त्या अकरा महिन्यांत मी रोज एक नळी 'धुवायला' म्हणून खाली पाठवायचे. ती परत यायची तेव्हा बुचाला कागदाची चिठ्ठी बांधलेली असायची. "चार पॉइंट तीन. मंडळी खुशीत." दधिव्रताचा महिना आला तेव्हा मी स्वतः चव घेऊन आकडा लिहून पाठवायचे. पहिल्या दिवशी चिठ्ठी परत आली, "पॉइंट दोन चुकलात, अम्मा. वास बघा." न चाखता, नुसत्या वासावरून! यंत्र लावलं तर ते बरोबर होते.

आता ती राहिलेली गोष्ट. एकोणनव्वद साली प्रबंध छापून बांधून आला. पद्धतीच्या प्रकरणात मी आधी लिहिलं होतं की ही रीत तिरुमलराव यांच्या घरच्या रिवाजावरून सुचली. नरसिंहमूर्ती म्हणाले, "ताकीद मिळालेल्या माणसाचं नाव? परीक्षक फाइल मागवतील. कशाला?" ते वाईट माणूस नव्हते, मला वाचवत होते. मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, "ही पद्धत लेखिकेने योजली." इंग्रजीत ते आणखी रुबाबदार दिसतं. आभाराच्या पानावर शेवटी "प्रयोगशाळेतील सर्व साहाय्यक" असं घातलं.

एक प्रत घेऊन मी चामराजपुरमला गेले. रायरुंनी हात धुतले, पुसले, मग पुस्तक घेतलं. ओळीखाली बोट ठेवून ते सावकाश इंग्रजी वाचत. अंबुजाबाईंनी दहीभात वाढला, मी खात होते आणि ते बोट कुठे पोचतंय ते बघत होते. पद्धतीच्या पानावर ते थांबलं. थोडं पुढे गेलं, परत त्याच ओळीवर आलं. मग त्यांनी पान उलटलं.

"छपाई छान आहे, अम्मा," ते म्हणाले. पुस्तक देवाच्या कोनाड्याशेजारी ठेवलं. मला वाटलं, नीट कळलं नसेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

नव्याण्णव साली ते गेले. अंबुजाबाई मुलीकडे बेंगळुरूला निघाल्या तेव्हा त्यांनी मला बोलावून ती डबी दिली आणि सुतळीने बांधलेला जुन्या पंचांगांचा गठ्ठा. "हे तुमच्यासाठी ठेवा म्हणाले होते." सत्त्याऐंशीचं पंचांग मी काढून घेतलं, बाकीचा गठ्ठा माळ्यावर गेला. कपड्याचा तुकडा मात्र मी सांभाळला. व्रतावर माझा विश्वास तेव्हा नव्हता आणि आताही फारसा नाही, पण पंचवीस वर्षं मी दधिव्रत पाळते आहे. दही आठ दिवस आंबू देते, नवा तुकडा वाळवते, आणि एकादशीला कोमट दुधात सोडते. नरसीपूरच्या सरस्वतीबाईंचं, म्हणजे त्या सासूबाईंचं विरजण आज माझ्या घरी आहे.

या वर्षी माळा झाडायला काढला आणि तो गठ्ठा हातात आला. सुतळी कुजली होती, ओढल्याबरोबर तुटली. एकोणनव्वदचं पंचांग वरच होतं. मी ज्या दिवशी प्रबंध घेऊन गेले तो वैशाखातला शनिवार होता, मला पक्कं आठवत होतं. मी पान काढलं. समासात तीच बारीक कन्नड अक्षरं.

"वरलक्ष्मीअम्मांचं पुस्तक आलं. वाचलं. सगळं बरोबर आहे."

 त्यांना कळलं होतं. ओळीवर बोट दोनदा फिरलं होतं, कळलं नसेल कसं? नोकरी जायची वेळ आली तरी ज्या माणसाने पंचांगात खोटं लिहिलं नाही, त्याने आयुष्यात एकदाच लिहिलं. माझ्यासाठी.

काल एकादशी होती. तुकडा दुधात सोडला आणि आज सकाळी झाकण काढलं. दही घट्ट लागलं होतं. चमच्याच्या टोकावर घेतलं, डोळे मिटले. चार पॉइंट चार असावं. मग पेन घेतलं आणि त्यांच्या ओळीखाली, कन्नड अक्षरांत, मराठीत लिहिलं.

"सगळं बरोबर नाही, रायरे. पद्धत तुमची. नोंद खोटी मी केली."